नाव घ्या, मामा

"माणसाच्या हातात शेवटी काहीच नसतं," असं मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून, छताकडे नजर लावून, प्रवचनकाराच्या आवाजात म्हणालो, आणि शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या हातात कोंबडी दिली.

कोंबडी जिवंत होती. तिचे पाय केळीच्या सोपटाने बांधले होते आणि ती माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं होतं ते साधारण असंच. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं, त्यामुळे त्याने माझ्या विधानाचं मुद्दाम खंडन केलं असं म्हणता येणार नाही. त्याला फक्त संडासाकडे जायचं होतं. आदल्या दिवशी त्याच्या बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, कोंबडी डॉक्टरांसाठी होती आणि खाली ठेवली तर ती पळते, एवढं त्याने खुणांनी आणि स्वाहिलीत समजावलं. मी मूळचा वाईचा, शाकाहारी, गणिताचा मास्तर. जन्मात कधी कोंबडी धरली नव्हती. तीही बहुधा मास्तराच्या हाती पहिल्यांदाच लागली असावी. दोघंही थरथरत बसलो.

दाराच्या पलीकडे माझी बायको शरयू टेबलावर होती आणि डॉक्टर म्वाकालुक्वा तिची मान उघडत होते. ती पूर्ण शुद्धीत होती. म्हातारा परत आला नाही.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. पुढे मी वर्तमानपत्रांतून लोकांची टिंगल करून पोट भरलं. पण तेव्हा मी टिंगल करण्याच्या नव्हे, होण्याच्या वयात होतो. टांझानियाच्या दक्षिणेला डोंगरांत इटेंडे नावाचं गाव आहे असं समजा. तिथल्या शाळेत मी करारावर गणित शिकवायला गेलो होतो. गावात दुकानदार गुजराती होते, पाद्री जर्मन होता, केळी सगळ्यांची होती. मराठी बोलणारी माणसं मात्र दोनच. त्यातला एक मी, आणि माझं बोलणं ऐकून मला स्वतःलाच कंटाळा आला होता. उरली शरयू. म्हणजे इटेंडेतलं जे काय मराठी होतं, ते तिच्या गळ्यात होतं. आणि त्या गळ्यातच गाठ आली.

आधी ती सुपारीएवढी होती, मग लिंबाएवढी, मग मोसंब्याएवढी. शरयू ती पदराने झाकायची. मग पदर पुरेना. मग भाकरीचा घास उतरेना. झोपेत तिच्या श्वासाला शिट्टी येऊ लागली. मी जागा राहून ती शिट्टी ऐकत पडायचो आणि शिट्टी थांबली की उठून बसायचो.

"मुंबई ले जाओ, मास्तर," दुकानदार व्रजलालभाई म्हणाले. "इधर का डॉक्टर बातां करता करता काटता है."

ते अगदी खरं होतं. डॉक्टर गिदियोन म्वाकालुक्वा बोलता बोलताच कापत. शरयूने आईला पत्र लिहिलं, त्यात तिच्या अक्षराने डॉक्टरांचं 'म्हाकाळुकर' झालं. सासूबाईंचं उत्तर आलं, 'डॉक्टर आपल्याकडचेच आहेत हे वाचून जिवात जीव आला. मूळचे कुठले?' मूळचे ते इटेंडेच्या वरच्या डोंगरातले होते. तिथल्या निम्म्या बायकांच्या माना अशाच सुजलेल्या असत; पाण्यात मिठाचा कसलासा अंश कमी पडतो म्हणे. ते मिशनच्या शाळेत शिकले, युगांडात डॉक्टर झाले, विलायतेत सर्जन झाले. तिथल्या प्रोफेसरांनी नोकरीवर ठेवून घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा हे गृहस्थ पेटी उचलून इटेंडेला परत आले. ठेंगणे, गोल, आणि हात मात्र कासाराचे. कासार बांगडी चढवताना बाईचा पंजा असा दाबून घेतो की तिला कळतही नाही, तसे.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी शरयूची मान चाचपली, एक्सरे उजेडात धरला आणि मला पहिला प्रश्न विचारला, "ह्या बोलतात का?"

"डॉक्टर," मी म्हणालो, "हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता."

"छान." ते हसले नाहीत. "श्वासनळी दबून गवताच्या काडीएवढी झाली आहे. एवढा प्रवास करून भारतात जाईपर्यंत ती उघडी राहणार नाही. भूल द्यावी, तर भुलीची नळी घालायला आत वाट नाही. तेव्हा जागेपणी, जागा बधिर करून. मी तसंही जागेपणीच करतो. गाठीच्या मागून दोन धागे जातात. आवाज त्या धाग्यांवर टांगलेला असतो. ते कधी दिसतात, कधी नाही. म्हणून मी डोळ्यांवर विसंबत नाही, ऐकतो. माणूस बोलत असतो, माझी कात्री चालत असते. आवाज फाटला की कात्री थांबते."

"आणि थांबायला उशीर झाला तर?"

"एक धागा गेला तर कुजबुज उरते. दोन्ही गेले तर..." त्यांनी तळहात पालथा केला. "तर श्वासही."

शरयूने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

"बोलत राहायचंय म्हणतायत," मी म्हणालो.

"एवढंच ना?"

ह्याच विषयावर डॉक्टर संशोधन करत होते. बोलत्या रोग्यांवरच्या ऑपरेशनांचा त्यांचा निबंध विलायतेतल्या एका मासिकाने परत पाठवला होता. परीक्षकाने विचारलं होतं, रोग्याची बडबड हे शास्त्रीय उपकरण कसं मानावं? डॉक्टरांनी उत्तर लिहिलं होतं, 'आमच्याकडचं हे एकच उपकरण वीज गेली तरी चालतं.' मग आणखी रोगी, आणखी आवाज, असं त्यांचं चाललं होतं. ऑपरेशनच्या आधीचा आवाज, नंतरचा आवाज, सगळं ते टेपरेकॉर्डरवर घेत.

अडचण एकच होती. डोंगरातल्या सगळ्या बोली त्यांना येत, मराठी येत नव्हतं. "निरोगी मराठी कसं वाजतं ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "तुमच्या घरी ऐकायला येईन."

आणि खरोखर आले. आठवडाभर रोज संध्याकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसायचे. शरयू घाबरली की जास्त बोलते. त्या आठवड्यात तिने उभ्या आयुष्याचं बोलणं उरकलं.

"अहो, दूध बघा, उतू जातंय. अहो, ह्यांना पाणी दिलंत का? अहो, ते मला मामा का म्हणतायत सारखे? मी काय ह्यांचा मामा?"

"अगं, इथे बाईमाणसाला मामा म्हणतात. मानाने."

"मग बाई म्हणा म्हणावं. अहो, तुम्ही सांगत का नाही? कुणापुढे तोंड उघडायचं नाही आणि घरात मात्र..."

डॉक्टरांना अक्षर कळत नव्हतं, पण मान डोलायची. एकदा निघताना दारात मला म्हणाले, "फार भरलेला आवाज आहे. आणि तुमचं नाव घशाला फार मानवतं, मिस्टर अहो. मोकळं आहे. मध्ये काही आडवं येत नाही."

मी दुरुस्ती केली नाही. मोठा माणूस होता. शिवाय दवाखान्यातल्या सिस्टर अनेथपेक्षा हे बरं. माझं नाव त्र्यंबक. तिथल्या लोकांच्या तोंडात जोडाक्षर फुटतं, आणि स्वाहिलीत तंबाखूला 'तुंबाकू' म्हणतात. सिस्टर अनेथ पहिल्या दिवसापासून मला ब्वाना तुंबाकू म्हणत होत्या. तंबाखूसाहेब. जन्मात मी कधी विडीही ओढली नव्हती.

तर मी बाकावर, कोंबडी मांडीवर. ऑपरेशनच्या वेळी नवऱ्यांना आत घेत नाहीत. ते पडतात आणि मग त्यांच्यामागे एक माणूस जातो. शरयूला बोलतं ठेवायचं काम सिस्टर अनेथकडे होतं, स्वाहिलीतून. दारातून शरयूचा आवाज येत होता. मी शब्द न ऐकता नुसता आवाज ऐकत होतो. मधेच तो थांबला.

मी कोंबडी दाबली असावी. ती ओरडली.

दार उघडलं. सिस्टर अनेथ मास्क खाली ओढून म्हणाल्या, "ब्वाना तुंबाकू, आत चला."

मी उठलो. "काय झालं?"

"तिची भाजी संपली."

शरयूचं स्वाहिली मंडईतलं होतं. टोमॅटो, बटाटे, केळी, महाग आहे, कमी करा, उद्या येते. तिने सगळी मंडई दोनदा सांगून संपवली होती, आणि पुढे काय बोलावं ते तिला सुचेना. डॉक्टरांनी कात्री थांबवून ठेवली होती. "कोंबडी बाहेर," सिस्टर म्हणाल्या. मी ती बाकाच्या पायाला बांधली. गाठ अशी मारली की पुढे सुटता सुटेना.

आत त्यांनी मला झगा चढवला, मास्क बांधला आणि टेबलाच्या डोक्याशी स्टुलावर बसवलं. मला शरयूचं कपाळ आणि डोळे तेवढे दिसत होते. गळ्यापुढे हिरव्या चादरीची भिंत होती, पलीकडे डॉक्टरांची टोपी. माझा चष्मा धुरकटला.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही कशाला आलात आत? चक्कर येईल तुम्हाला."

"बोल तू. काहीतरी बोल."

"काय बोलू? मान कापतायत माझी."

"तेच बोल."

"उत्तम," चादरीपलीकडून डॉक्टर म्हणाले. "असंच ठेवा, मिस्टर अहो."

मी मास्तर होतो. मला एकच सुचलं, पाढे. "पावकी म्हण." ती म्हणाली. निमकी म्हणाली. अडीचकीत अडखळली, म्हणून पुन्हा घेतली. मग मी माझ्या धाकट्या बहिणीचा, कुमुदचा विषय काढला. लग्नात कुमुदने शरयूला विटलेली साडी दिली होती, आणि त्या साडीवर आमच्या घरात कधीही, कितीही बोलता येत असे.

"विटलेली? अहो, घडीवरचा रंग उडालेला होता! मी उलगडली तर घडीघडीला पट्टे. वाघासारखे. आणि वर म्हणाल्या, वहिनी, हा नवा प्रकार आहे..."

"हा सगळ्यांत चांगला आवाज," डॉक्टर म्हणाले. "कोणाविषयी आहे?"

"माझ्या बहिणीविषयी."

"बहिणीला माझे आभार सांगा."

उजवी बाजू झाली. ओलं काहीतरी ताटलीत पडल्याचा आवाज आला. मी तिकडे बघितलं नाही. शरयूच्या कपाळावर घाम होता, पण ती बोलत होती. म्हटलं, निम्मं झालं.

मग डॉक्टर म्हणाले, "आता गप्प. दोघंही."

खोलीत पाण्याच्या पिंपाचा नळ थेंब थेंब गळत होता, तेवढंच ऐकू येत होतं. चादरीपलीकडे चिमटा लागल्याचा बारीक आवाज झाला.

"ही जागा नाजूक आहे," ते म्हणाले. "मामा, आता एकच शब्द. मोठ्याने. घरात हाक मारता तशी. नवऱ्याचं नाव सांगा."

शरयूला एवढं इंग्रजी कळत होतं. तरी सिस्टर अनेथनी वाकून स्वाहिलीत पुन्हा सांगितलं, "जिना, मामा. जिना ला मुमे." स्वाहिलीत नावाला 'जिना' म्हणतात.

शरयू काही बोलली नाही.

"मामा?" डॉक्टर म्हणाले.

तिने डोळे मिटून उघडले. बोलली नाही.

आता मला हे सांगायला हवं, की लग्नाच्या दिवशी उंबऱ्यावर अडवल्यावर घेतलं होतं ते सोडलं, तर शरयूने माझं नाव कधीही उच्चारलं नव्हतं. माझं सोडा. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर आहे, त्यालाही ती 'नाशिकजवळचं ते' म्हणायची. हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलंसुद्धा. पण आठवून उपयोग काय? चिमटा लागला होता, आणि त्यानंतर ती गप्प झाली होती.

"मिस्टर अहो," डॉक्टरांचा आवाज बदलला होता. "आठवडाभर ह्या तुमचं नाव घेतायत. माझ्या टेपवर ते शंभरदा आहे. आता का नाही?"

"डॉक्टर, 'अहो' हे माझं नाव नाही."

टोपी वर झाली. मास्कवरून दोन डोळे माझ्याकडे बघू लागले. "मग काय आहे?"

"म्हणजे... 'ऐका'."

"आठवडाभर त्या 'ऐका' म्हणत होत्या?"

"लग्न झाल्यापासून म्हणते. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

"घेत नाहीत की घेता येत नाही?"

मी शरयूकडे पाहिलं. "मला माहीत नाही," मी म्हणालो.

"चिमटा सोडतोय," ते सिस्टरना म्हणाले. "दिवा इकडे घ्या. आणखी खाली."

"शरयू," मी म्हणालो, "घे गं नाव. नुसतं घे. आई काही म्हणायची नाही, कुणी म्हणायचं नाही. इथे आपलं कोणी नाही."

तिने खोलीभर नजर फिरवली. सिस्टर, दिवा धरणारा मदतनीस, वर टांगलेली सलाईनची बाटली. इथे आपलं कोणी नाही हे मी फार मोठ्याने बोललो होतो. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं.

मग तिचे ओठ हलले.

आवाज आला नाही. ओठ पुन्हा हलले. काहीतरी मोठं, सलग बोलत होते. शब्द दिसत होते आणि ऐकू येत नव्हते. मी तिच्या तोंडाशी कान नेला. श्वास लागला, बाकी काही नाही. सिस्टर अनेथनी छातीवर क्रूस काढला आणि त्या "जिना, मामा! जिना!" म्हणत रडकुंडीला आल्या. माझ्या डोक्यात मात्र तो शब्द मराठीत शिरला, आणि मला एक जिना दिसू लागला, वाईच्या घराचा. त्याच्या वर शरयू उभी होती, मला हाक मारत होती, आणि हाक खाली पोचत नव्हती.

"डॉक्टर," मी म्हणालो, "ओठ हलतायत. आवाज नाही."

"ऐकतोय," ते म्हणाले. ते काय ऐकत होते देव जाणे. त्यांचे हात चादरीपलीकडे अगदी हळू चालले होते. "बोलू नका, मिस्टर अहो. आता तुम्ही बोलू नका."

चादरीखाली काहीतरी हललं. शरयूचा हात पट्ट्याने बांधला होता, पण एक बोट मोकळं होतं. ते वर झालं. स्वयंपाकघरात ती मला करते तसं. थांबा, दोन मिनिटं.

आणि मग, हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणींनी आग्रह केल्यावर म्हणतात तसं, मोठ्याने, ठेक्यात, शेवटच्या ओळीला स्वर चढवून, माझी बायको त्या टेबलावर गळा उघडा असताना म्हणाली:

"हिरव्या चादरीखाली निजले मी उताणी,
मानेवर चालते सुरी, डोळ्यांत नाही पाणी;
डॉक्टरांनी ऐन वेळी धरला भलता हट्ट,
त्र्यंबकरावांचं नाव घेते, हात धरा घट्ट."

नळ गळत होता.

डोळ्यांत पाणी होतं. पण तिला यमक हवं होतं.

"हे नाव होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाव शेवटच्या ओळीत होतं."

"आणि आधीचं?"

"त्याशिवाय नाव घेता येत नाही. जुळवत होती."

पुढे त्यांचा निबंध छापून आला, त्यात शरयूच्या वाट्याला एक ओळ आहे: 'भारतीय स्त्री. प्रतिसाद उशिरा, परंतु पद्यात.'

"शेवटी काहीतरी मागितलं त्यांनी," डॉक्टर म्हणाले. "सूर मागण्याचा होता. काय मागितलं?"

मी सांगितलं. मग माझ्या लक्षात आलं, की मघापासून मी दोन्ही हातांनी घट्ट धरलेला होता तो स्टुलाचा पाय होता. मी तो सोडला आणि चादरीखालून तिचं मोकळं बोट धरलं.

"अहो, गार पडलेत तुमचे हात," ती म्हणाली.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "आता पुन्हा बहीण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच बाकावर बसलो होतो. शरयू आत वॉर्डात झोपली होती. दोन दिवस हळू बोलायचं, असा हुकूम होता. डॉक्टर फेरी संपवून आले आणि शेजारी टेकले. स्टेथॉस्कोप काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय आणि हे आता सांगणार.

"काल चिमटा लावला," ते म्हणाले, "तेव्हा आवाज ठीक होता. त्यांनी लगेच नाव सांगितलं असतं, तर ते स्वच्छ आलं असतं. मी म्हटलं असतं, छान, आणि दोरा बांधून पुढे कापलं असतं."

"मग?"

"त्या बोलल्या नाहीत, म्हणून मी चिमटा सोडून धागा शोधायला लागलो. तो मागे असतो. सगळ्यांचा मागे असतो. ह्यांचा गाठीने ढकलून पुढे आला होता. मी पुढे जिथे कापणार होतो, तिथेच."

मी बाकाची कड धरली.

"त्या गप्प राहिल्या म्हणून आवाज राहिला," ते म्हणाले. "हे मी निबंधात कसं लिहू? परीक्षक आधीच मला वेडा समजतो."

"पण डॉक्टर," मी विचारलं, "नावच का? एक, दोन, तीन म्हणायला सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"निबंधात मी स्वरांचं कारण दिलं आहे. मासिकवाल्यांना स्वर आवडतात." त्यांनी खिशातून रुमाल काढला, हात पुसले. ते कोरडेच होते. "माझ्या आईच्या गळ्याला अशीच गाठ होती. मी शाळेत होतो. खालच्या मोठ्या गावात कोणी पाहुणा सर्जन आला होता. त्याने भूल देऊन, फार सुंदर काम केलं. टाका दिसतसुद्धा नव्हता. सगळं गाव तिची मान बघायला आलं. ती बोलायला गेली, आणि आवाज नाही."

त्यांनी रुमाल गुडघ्यावर पसरला.

"आमचं घर उतारावर. मी खाली ओढ्याजवळ गुरं राखायचो. आधी ती दारात उभी राहून हाक मारायची, गि-दि-यो-न, आणि ती पलीकडच्या डोंगराला आपटून परत यायची. मला दोनदा ऐकू यायची. नंतर ती अ‍ॅल्युमिनियमची थाळी चमच्याने वाजवायची. पोरं म्हणायची, जा, तुझी आई वाजतेय. मी डॉक्टर होऊन परत आलो तेव्हाही तिने थाळीच वाजवली. ती जाईपर्यंत थाळीच." त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "आता सगळे मला डॉक्टर म्हणतात. बायको मुलांचा बाप म्हणून हाक मारते. दारातून माझं नाव कोणी घेत नाही. म्हणून मी प्रत्येकाला नाव विचारतो. जे सगळ्यांत आधी जातं, ते मला ऐकायचं असतं."

मला काहीतरी म्हणायचं होतं. मोठं, त्या क्षणाला शोभणारं. तसं बोलण्याचा मला शौकच होता, आणि एक वाक्य जिभेवर तयारही झालं होतं. त्यात मौन हा शब्द होता. मी घसा साफ केला.

तेवढ्यात आतून, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापासून, सगळ्या खाटा ओलांडून, दारातून बाहेर येत, भिंतीला आपटून परत फिरत, हाक आली.

"अहोऽऽ!"

डॉक्टर ताठ बसले. डोळे मिटले. हाक विरेपर्यंत तसेच राहिले.

"हळू बोलायला सांगितलं होतं," मी ओशाळून म्हणालो.

"जा," ते डोळे न उघडता म्हणाले. "ऐका म्हणतायत."

मी धावलो. वाटेत मला वाटलं, रात्रभर तिच्या मनात हेच असणार. इतकी वर्षं न घेतलेलं नाव, ते असं परक्यांत, सुरीखाली घ्यावं लागलं; आता ती काहीतरी बोलणार, आणि ते मी जन्मभर विसरणार नाही. माझे डोळे भरून आले. मी खाटेशी गुडघे टेकले, तिचा हात हातात घेतला. तिच्या मानेभोवती पांढरी पट्टी होती, चेहरा थकलेला होता आणि डोळे अगदी स्वच्छ.

"बोल," मी म्हणालो.

"अहो," शरयू म्हणाली, "काल ते शिपाईदादा आपल्या गाठोड्याबरोबर बाकाला बांधलेली कोंबडीही सोपट कापून आणून खाटेखाली ठेवून गेलेत. तेवढी काढा हो बाहेर. मघापासून माझ्या चपलेवर बसली आहे."